नांदेड-४४ आणि एक नवी नोकरी

भोकरहून भाच्याचा फोन आला. बरं आहे का, जेवलात का, काही नाही. सरळ प्रश्न. "मामा, तीन लाख भरू का?"

पोरगा नांदेडला इंजिनिअर झालेला. दोन वर्षं पुण्यात एका कंपनीत टेस्टिंग केलं, कंत्राट संपलं, दिवाळीपासून घरी. सकाळी बापाबरोबर शेतात चक्कर, दुपारी लॅपटॉप. त्या लॅपटॉपवर कुठून तरी एक जाहिरात आली आणि तिच्या मागोमाग एका मधाळ आवाजाच्या समुपदेशक बाईंचा फोन. सहा महिन्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम, विषय प्रॉडक्ट मॅनेजमेंट, फी तीन लाखांच्या आतबाहेर, हप्त्यांची सोय, आणि 'या बॅचमध्ये दोनच जागा उरल्यात'. ऑनलाइन वर्गात जागा कशा संपतात हे मला आजवर कळलेलं नाही. पण त्या दोन जागांवरून आक्काच्या घरात आठवडाभर झोप नव्हती. सोयाबीनचे पैसे नुकते हातात आलेले. दाजी म्हणत होते बोअर घेऊ, आक्का म्हणत होती पोराला मार्गी लागू द्या.

मी याच धंद्यात बारा वर्षं आहे. त्यामुळे मी लगेच म्हणालो, "भरू नकोस." आणि फोन ठेवल्यावर वाटलं, हे उत्तर जितकं शहाणपणाचं दिसतं तितकंच आळशी आहे. फी भरावी की नाही हा दुसरा प्रश्न. हे काम आपल्या पिंडाला मानवेल का, हा पहिला. पहिल्याचं उत्तर कुणी फुकट देत नाही, आणि तीन लाखांतही ते मिळेलच असं नाही.

मुळात हे काम म्हणजे काय, ते भाच्याला सांगताना मला कंपनीतली एकही व्याख्या उपयोगाला आली नाही. लग्न उपयोगाला आलं. भोकर, उमरी, हिमायतनगरकडच्या लग्नात एक माणूस असतो. तो नवरीचा बाप नसतो, आचारी नसतो, मांडववालाही नसतो. पण वऱ्हाड किती वाजता निघालं, तिसऱ्या पंगतीला वरण पुरेल का, वाजंत्रीवाले का रुसले, जनरेटरमध्ये डिझेल आहे का, हे सगळं त्याच्या डोक्यात. त्याला कुणी कागदावर नेमलेलं नसतं. आचाऱ्याला हाकलायचा त्याला अधिकार नाही, खर्च होणारा पैसा त्याचा नाही. भाजी कमी पडली की मात्र नाव त्याचं निघतं. 'आचाऱ्यानं कमी केली' असं तो म्हणू शकत नाही, कारण माणसं किती येणार हा अंदाज त्याचा होता. आणि लग्न पार पडलं की लोक म्हणतात, आचारी मोठा गुणी हो!

प्रॉडक्ट मॅनेजर हा त्या कारभाऱ्याचा चुलतभाऊ. कोणती वस्तू करायची, कुणासाठी, आत्ताच का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही, हे त्यानं ठरवायचं. पण ठरवलेलं करायला लावायचा हुकूम त्याच्याकडे नाही. प्रोग्रॅमर त्याचे नोकर नव्हेत, विक्रीवाले त्याचं ऐकायला बांधील नाहीत, मालकाला दर सोमवारी नवी हौस सुचते. यातून वस्तू बाहेर पडली पाहिजे आणि लोकांनी ती वापरली पाहिजे.

कामाचा जन्म संगणकातला नाही, साबणातला आहे. १९३१ साली अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये नील मॅकेलरॉय नावाचा तरुण कॅमे साबणाच्या जाहिरातींचं काम बघत होता. कंपनीचा लाडका साबण आयव्हरी; कॅमे सावत्र. त्यानं वरिष्ठांना तीन पानी टिपण लिहिलं. त्याचा मथितार्थ असा, की प्रत्येक मालामागे एक माणूस हवा, ज्यानं विक्रीच्या आकड्यापासून दुकानातल्या तक्रारीपर्यंत त्या एका मालाचंच बघावं. हाच गृहस्थ पुढे १९५७ मध्ये अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला. सॉफ्टवेअरवाल्यांनी ही कल्पना नंतर उचलली, आणि १९९० च्या दशकात अमेरिकेतल्याच एका कंपनीत बेन हॉरोविट्झनं लिहिलेल्या टिपणामुळे 'प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे त्या वस्तूचा सीईओ' ही समजूत पसरली. जाहिरातीत आज तीच विकली जाते. पंचविशीत सीईओ! भाच्याच्या डोळ्यांपुढे काचेची केबिन आली असेल तर त्याचा दोष नाही.

खरा मालक कसा असतो ते आपल्याकडे बघायला मिळतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायलाच दोन वर्षं गेली. पण ते मालक होते. थांबायचं की बदलायचं की तसंच रेटायचं, हा निर्णय त्यांचा होता, आणि १९१० मध्ये औंधच्या संस्थानिकांनी पाठीशी उभं राहून माळरान दिलं तेव्हा कारखान्याचं गावही त्यांचंच उभं राहिलं. आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरकडे लक्ष्मणरावांचं काम असतं, त्यांचा अधिकार नसतो, आणि दोन वर्षं तर कुणीच देत नाही. तीन महिन्यांनी आकडे मागतात.

आता मी ज्या गोष्टीवरून हे काम खऱ्या अर्थानं शिकलो, तिकडे येतो. ती पुण्यातली नाही, नांदेडचीच आहे. माझ्या लहानपणी घरी 'चव्वेचाळीस' म्हणून एक शब्द सारखा कानावर पडायचा. चव्वेचाळीसची पिशवी आली का, चव्वेचाळीसला बोंडं किती. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं, म्हणजे परभणीच्या कृषी विद्यापीठानं, १९८४ च्या सुमारास दिलेला हा संकरित वाण. कागदावर एनएचएच-४४, लोकांच्या तोंडी नांदेड-४४. मराठवाड्याच्या कोरडवाहू जमिनीत त्याचं बस्तान बसलं ते त्याच्या स्वभावामुळे. रस शोषणाऱ्या किडींना तो बऱ्यापैकी दाद देत नसे आणि पावसानं दगा दिला, पहिली फुलं-पात्या गळाल्या, तरी पुन्हा बहर धरायची त्याची तयारी असे. ज्या मुलखात पाऊस जूनमध्ये येतो, जुलैत गायब होतो आणि सप्टेंबरात नको तेव्हा कोसळतो, तिथं 'पुन्हा बहर' हा गुण उत्पादनाच्या आकड्याहून मोठा. ज्यानं कुणी हा वाण निवडताना त्या गुणाला वजन दिलं, त्यानं आमच्या आभाळाचा अभ्यास केला होता. उत्तम प्रॉडक्ट मॅनेजमेंट ते हेच, मग त्या माणसाच्या खुर्चीवर पाटी कसलीही असो.

हा वाण शेजारच्या राज्यांतही गेला. मग बोंडअळी वाढली. नव्वदच्या दशकात फवारण्यांचा खर्च कापसाहून वरचढ होत चालला. मार्च २००२ मध्ये देशात बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली, ती महिकोच्या तीन वाणांना. महिको म्हणजे आमच्याच मराठवाड्यातली, जालन्याची कंपनी. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ मध्ये काढलेली, आणि त्याच बारवाल्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुढे ते जनुक परवान्यानं डझनावारी बियाणे कंपन्यांकडे गेलं. काही वर्षांत देशातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस क्षेत्र बीटीखाली आलं. नांदेड-४४ मध्ये सगळं होतं, तेवढं एक जनुक नव्हतं. दुकानदाराच्या फळीवरून तो निघून गेला. वडिलांनी मला आठवतं तसं दोन हंगाम त्याच्यासाठी हट्ट धरला, मग तेही बीटीची पिशवी घेऊन आले. काही बोलले नाहीत.

विद्यापीठानं महाबीज या सरकारी बियाणे महामंडळाच्या साथीनं त्या वाणाचा बीटी अवतार शेवटी आणला. पण त्याला दीड दशक लागलं. तोवर प्रश्नच बदलला होता. गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली होती, आणि २०१७ च्या हंगामात तिनं महाराष्ट्रात काय केलं ते ज्यांच्या घरात कापूस होता त्यांना सांगायला नको. पेपर होऊन गेल्यावर आपण अभ्यास करून बसलो, असा हा प्रकार.

यात खलनायक शोधायला गेलं तर सापडत नाही. पैदासकारानं आपलं काम चोख केलं. बियाणं तयार करणाऱ्यानं बियाणं दिलं. विस्तारवाल्यानं शिवारफेऱ्या केल्या. जनुकाची मालकी दुसऱ्याकडे, परवान्याचे नियम वेगळे, सरकारी फाइल सरकारी चालीनं. यातलं काहीच कुणा एकाच्या हातात नव्हतं. नेमकं हेच माझं म्हणणं आहे. प्रत्येकाच्या टेबलावरचं काम पूर्ण होतं आणि तरी वस्तू हरते, कारण 'कास्तकाराला आता काय लागतंय, आणि ते कधीपर्यंत नाही मिळालं तर तो निघून जाईल' या एका वाक्याचा मालक कुणीच नव्हता. असा मालक असता तर वाण वाचला असता का? सांगता येत नाही. कदाचित तो पाच वर्षं सगळ्या दारांवर डोकं आपटून घरी गेला असता. पण ती खुर्ची म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजरची खुर्ची. तिच्यावर बसायची इच्छा होते का, हे माणसानं स्वतःला विचारावं. ही गोष्ट ऐकून ज्याच्या मनात 'अरेरे' येतं आणि तो पुढच्या कामाला लागतो, तो भला माणूस आहे, त्यानं भलतं काम करू नये. ज्याला रात्री आठवून चिडचिड होते, कुणाला विचारायला पाहिजे होतं, कोणत्या वर्षी कळायला हवं होतं, याची जो मनात तारीखवार मांडणी करत बसतो, त्याच्यात काहीतरी आहे.

भाच्याला ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मामा, पण हे तर विद्यापीठाचं झालं. मला ॲपमध्ये काम करायचंय." बरोबर आहे. आम्हा लातूर-नांदेडकडच्या लोकांना 'सिलॅबसमध्ये आहे का' हे आधी विचारायची सवय आहे.

त्या सवयीबद्दल थोडं. लातूर पॅटर्नची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. १९७० साली निघालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून, प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या माणसाच्या हाताखाली ही पद्धत घडली; तेच वाघमारे पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पुण्या-मुंबईच्या पोरांची मक्तेदारी मोडून कास्तकाराच्या, मास्तराच्या पोरानं डॉक्टर-इंजिनिअर व्हावं, यासाठी सराव परीक्षांवर सराव परीक्षा घेत राहायची जिद्द ही काही लहान गोष्ट नव्हे. तिनं आमच्या दोन पिढ्या वर आणल्या, मला धरून. पण तिनं आम्हाला एक खोल सवय लावली. प्रश्न बाहेरून येतो, आपण उत्तर द्यायचं, आणि उत्तर कुठे तरी आधीच छापलेलं असतं. आमची सगळी हुशारी वेळेत सोडवण्यात गेली.

या नोकरीत पेपर आपणच काढायचा असतो. त्याची उत्तरपत्रिका नसते. निकालही असा लागतो की चार वर्षांनीसुद्धा पास झालो की नापास, ते पक्कं सांगता येत नाही. वस्तू चालली ती आपल्यामुळे, की बाजारच चढता होता? पडली ती आपल्या चुकीनं, की मालकानं पैसे काढून घेतले म्हणून? ज्याला दिवसाच्या शेवटी 'एवढं केलं' म्हणून बोट ठेवायला जागा लागते त्याचे या कामात हाल होतात. मी अप्रतिम प्रोग्रॅमर या कामात येऊन दोन वर्षांत कोमेजलेले पाहिलेत. पगार वाढला होता, आणि संध्याकाळी घरी जाताना हातात काही नव्हतं. परत कोड लिहायला गेले तेव्हा चेहऱ्यावर रंग आला.

गंमत अशी की बाजारानं या नोकरीच्या मुलाखतीचासुद्धा लातूर पॅटर्न करून टाकलाय. 'पुण्यात पेट्रोल पंप किती असतील', 'आंधळ्यासाठी घड्याळ कसं कराल' असले प्रश्न, त्यांच्या उत्तरांचे साचे, साच्यांची पाठांतरं. आमची पोरं यात भराभर पास होतात, आणि कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यात विचारतात, 'सर, नेमकं करायचं काय?'

माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे मी उंचावरून बोलतोय असं वाटायला नको. काही वर्षांपूर्वी शेतकऱ्यांसाठी ॲप करणाऱ्या एका कंपनीत मी होतो. खोलीतला एकटा मराठवाड्याचा. 'याला खेडं कळतं' म्हणून माझ्या शब्दाला वजन. मी छाती ठोकून सांगितलं, कास्तकाराला रोजचे बाजारभाव मोबाइलवर द्या, मराठीत, जवळपासच्या पाच मोंढ्यांचे. तीन महिने खपून आम्ही ते केलं. दिसायला सुरेख. वापरलं जवळजवळ कुणीच नाही. कार्यालयात तर्क सुरू झाले. रंग बदला, अक्षर मोठं करा, सूचना जास्त पाठवा. मी दसऱ्याला गावी गेलो आणि वडिलांना विचारलं, तुम्ही का नाही बघत? ते म्हणाले, "भाव बघून काय करू? पेरणीला उचल ज्या आडत्याकडून घेतली, माल त्याच्याकडंच घालायचा. भाव तर तो आधीच फोनवर सांगतो. पट्टी झाल्यावर पैसे त्याच दिवशी देतो का नाही, ते कळतं का तुझ्या मोबाइलात?"

शेतकऱ्याच्या घरात जन्मलो म्हणून शेतकऱ्याची गरज आपोआप कळते, हा माझा माज त्या ओट्यावर उतरला. घरच्या माणसाला मी वीस वर्षांत तो प्रश्न विचारला नव्हता, आणि परक्यांच्या खोलीत त्याच्या नावानं बोलत होतो. ग्रामीण पार्श्वभूमी हे भांडवल आहे असं हल्ली भाषणांत सांगतात. आहेही, पण ते पडीक जमिनीसारखं. नांगरल्याशिवाय त्यात काही उगवत नाही. उलट ती जमीन आपली आहे या भ्रमात माणूस विचारायचंच सोडतो. पुण्याच्या सहकाऱ्याला निदान आपल्याला माहीत नाही हे तरी माहीत होतं.

म्हणून भाच्याच्या मनात जे ॲप होतं, त्याच्याऐवजी मी त्याला घरातलंच एक ॲप वाचायला सांगितलं. ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ते राज्यभर आलं. त्याआधी सातबाऱ्यातल्या बारावर, म्हणजे पीक नोंदीच्या नमुन्यावर, तलाठी नोंद घ्यायचा. शेतात जाऊन किंवा चावडीत बसून. आता कास्तकारानं स्वतः आपल्या शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि पीक नोंदवायचं. कल्पना वाईट नाही. पण दुसऱ्या वर्षी नवी आवृत्ती आली तिच्यात काय काय होतं बघा. आपण खरंच आपल्या गटात उभे आहोत का हे ॲप तपासू लागलं. नोंद चुकली तर ४८ तासांत स्वतः दुरुस्त करायची सोय आली. तलाठ्यानं सगळ्याच नोंदी तपासायच्याऐवजी किमान दहा टक्के तपासायच्या ठरल्या. ही यादी म्हणजे न लिहिलेली तक्रारवही आहे. कुणीतरी घरी बसून रस्त्याकडेच्या शेताचा फोटो टाकला असणार. कुणाचं तरी बोट घसरून सोयाबीनच्या जागी तूर झाली असणार आणि तो तहसीलच्या पायऱ्या झिजवत राहिला असणार. तलाठ्यांच्या संघटनेच्या कपाळावर आठ्या आल्या असणार. हे मी अंदाजानं म्हणतोय. पण असा अंदाज करत बसावंसं वाटणं हीच या धंद्याची खाज. ४८ च का, २४ का नाही, महिना का नाही? उशिरा पाऊस झाला, दुबार पेरणी झाली, तर ४८ तासांचं काय करायचं? आणि मुख्य म्हणजे हे ॲप कुणाच्या सोयीसाठी आहे, ज्याच्या हातात मोबाइल आहे त्याच्या, की ज्याला मंत्रालयात आकडा हवा आहे त्याच्या? दोघांच्याही, असं उत्तर सगळे देतात. दोघांची सोय जिथं एकमेकांच्या आड येते त्या ठिकाणी कुणाला नकार द्यायचा, ते ठरवण्याचे पैसे प्रॉडक्ट मॅनेजरला मिळतात. ज्याला कुणालाच 'नाही' म्हणवत नाही, अशा माणसाला घरी सगळे चांगला म्हणतात. या कामात तो सगळ्यांचं थोडं थोडं ऐकून कुणालाच न लागणारी वस्तू करून ठेवतो.

आता त्या तीन लाखांकडे. प्रशिक्षणानं काहीच मिळत नाही असं मी म्हणणार नाही. शब्द मिळतात. रोडमॅप, बॅकलॉग, स्प्रिंट, मेट्रिक. मुलाखतीत हे शब्द न अडखळता वापरता येणं याला किंमत आहे, आणि ज्या पोराच्या घरात कुणी कंपनीत नव्हतं त्याला हे शब्द वाऱ्यावर मिळत नाहीत. ओळखी मिळतात. आठवड्याला काहीतरी लिहून द्यायची शिस्त लागते. जो आधीच या कामाच्या कडेला उभा आहे, म्हणजे टेस्टिंग, ग्राहक सेवा, विक्री, डेटा यांपैकी कशात तरी आहे आणि ज्याला कंपनीतच दार किलकिलं दिसतंय, त्याला एखादा बरा अभ्यासक्रम धक्का देऊ शकतो. फी कंपनी भरत असेल तर डोळे झाकून करावा. पण अनुभव नसलेल्याला केवळ प्रमाणपत्रावर ही नोकरी देणारे फार थोडे. गूगलनं २००२ मध्ये नवख्यांना घडवायची योजना काढली, तशी दारं असतात, पण त्यांच्यापुढची रांग भोकरच्या स्टेशनात मावायची नाही. बाकीचे आडवाटेनं येतात. मी ग्राहकांचे तक्रारीचे फोन घेत घेत आलो. आजही मला विचाराल तर तक्रारीचे फोन घेणं हा या धंद्याचा सर्वांत चांगला वर्ग आहे, आणि त्यात फी देण्याऐवजी पगार मिळतो.

शिवाय दस्तऐवज लिहायचं, मुद्दे काढायचं जे काम हे वर्ग शिकवतात, ते आता यंत्र मिनिटात करून देतं. उरतं ते यंत्राला न दिसणारं, आडत्याच्या उचलीसारखं.

इंग्रजीचं काय, असं भाच्यानं हळूच विचारलं. लागतं. खोटं कशाला बोला. फाडफाड बोलायला नाही लागत, नीट लिहायला लागतं, कारण ज्यांच्यावर हुकूम चालत नाही त्यांना कागदावर पटवावं लागतं. ते दोन वर्षांत येतं. त्याहून आकड्यांची भीती जायला जास्त वेळ लागतो.

एक आक्षेप मला स्वतःलाच छळतो. 'पिंड ओळख, आधी करून बघ' हे सांगणं सोपं. ज्याच्या घरी पगार येतो त्यानं ज्याच्या घरी फक्त खर्च येतो त्याला दिलेला हा सल्ला. करून बघायला सहा महिने कुणाकडे आहेत? दाजींचा प्रश्न आवड-निवडीचा नाही, पुढच्या वर्षी घरात किती येणार, एवढाच आहे. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणतो, की हप्ता काढून चुकीच्या दारात जाणं हे गरिबाला श्रीमंतापेक्षा जास्त महाग पडतं. आणि करून बघायला सहा महिने लागत नाहीत, पंधरा दिवस पुरतात, तेही घरी राहून. भोकरमध्ये पुण्यापेक्षा स्वस्तात.

मी त्याला ओळखीच्या एका सेवा केंद्रात पंधरा दिवस नुसतं बसायला सांगितलं. पीकविमा, दाखले, केवायसी, सगळं तिथं चालतं. मदत करायची नाही, सल्ला द्यायचा नाही, सुधारणा तर अजिबात सुचवायच्या नाहीत. फक्त बघायचं, वहीत लिहायचं, आणि माणूस उठून गेला की त्याला दाराबाहेर गाठून एक प्रश्न विचारायचा: आज तुम्ही इथं नेमकं कशाला आला होता? पहिले तीन दिवस पोरगा कंटाळला. चौथ्या दिवशी मला म्हणाला, केंद्रवाल्याला एक चांगलं सॉफ्टवेअर करून देतो, दोन दिवसांचं काम आहे. मी म्हणालो, नको करूस. तो नाराज झाला, आणि मला वाटलं आता हा पैसे भरतो.

मग पुढच्या आठवड्यात रात्री साडेनऊला फोन आला.

"मामा, ओटीपी हैदराबादला जायला."

"म्हणजे?"

"इथल्या म्हाताऱ्या माणसांचे नंबर नाहीत ना जोडलेले. पोराचा नंबर जोडलाय, आणि पोरगं हैदराबादला कामाला. म्हातारा इथं खुर्चीवर, ओटीपी तिकडं. पोरगं कामावर असलं की फोन उचलत नाही. तोवर ओटीपी मरतो. मग परत. म्हातारा दिवसभर बसून राहतो मामा, आणि केंद्रवाला वहीत सगळ्या पोरांचे नंबर लिहून ठेवायलाय, कोण किती वाजता जेवायला सुटतं त्याच्यासकट. ती वही बघायला पाहिजे तुम्ही."

"मग?"

"मग मी म्हणलं अंगठा घ्या. तर एका मावशीचा अंगठा उठेना. कापूस वेचून रेषाच गेल्यात. पाच वेळा दाबला. सहाव्यांदा ती म्हणाली, राहू द्या बाबा, माझंच बोट वाईट आहे." तो थांबला. "तिचं बोट कसं वाईट असंल? पण मग काय करावं मामा? ओटीपी नको, अंगठा नको, तर ही बाई म्हणजे हीच बाई, हे समजायचं कसं? आणि तिच्या नावावर दुसऱ्यानंच पैसे उचलू नयेत, हेपण बघायला लागंल की."

मी म्हणालो, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

तेवढ्यात त्याच्या फोनवर मधे दुसरा कॉल वाजायला लागला. मला त्याची टुकटुक ऐकू येत होती. "त्याच मॅडम असतील," तो म्हणाला, "थांबा, तुम्ही ठेवू नका. त्या मावशीचं अर्धंच सांगितलं मी. तिच्या सुनेचा अंगठा उठतो, पण सून..."